सावली, पाणी आणि टेकायला जागा

परभणी जिल्ह्यातील जुन्या गावांची रचना पाहिली, तर घरे आणि शेते यांच्यामध्ये काही जागा अशा आढळतात, ज्या कोणा एकाच्या मालकीच्या नसतात आणि तरीही गावाचे रोजचे आयुष्य त्यांच्यावाचून चालत नाही: वडापिंपळाभोवती बांधलेला पार, चावडीपुढचे पटांगण, गोदावरीकाठचा किंवा पूर्णेकाठचा घाट, गुरांसाठी राखलेले गायरान आणि पाण्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी दगडी बारव. नगररचनाशास्त्र आज ज्याला सार्वजनिक मोकळी जागा म्हणते, म्हणजे जिथे जायला पैसे, आमंत्रण किंवा ओळख लागत नाही अशी उघड्या आभाळाखालची जागा, ती कल्पना या जिल्ह्याला परकी नाही. अशा जागेचा माणसाच्या प्रकृतीशी आणि समाजाच्या स्वास्थ्याशी जो संबंध पूर्वी अनुभवाने ठाऊक होता, तो आता मोजता येऊ लागला आहे, एवढाच काय तो फरक. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आपल्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना रोग नसणे एवढ्यावर न थांबता शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थितीचा उल्लेख केला. त्यातल्या तिसऱ्या, सामाजिक सुस्थितीवर औषधाच्या दुकानात उपाय मिळत नाही, ती माणसे एकमेकांना सहज भेटत राहण्यावर अवलंबून असते, आणि सहज भेटण्यासाठी जागा लागते.

या जागांपैकी सर्वांत विचारपूर्वक रचलेली जागा म्हणजे बारव. तोंड अरुंद असलेल्या आडातून पाणी दोराने वर ओढावे लागते आणि शेतातल्या विहिरीवर पूर्वी मोट चाले. बारवेत मात्र माणूस स्वतः पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरतो. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत प्रवेशमार्गांच्या संख्येवरून बारवांचे प्रकार सांगितले आहेत: एका बाजूने उतरता येते ती नंदा, दोन बाजूंनी ती भद्रा, तीन बाजूंनी ती जया आणि चारही बाजूंनी ती विजया. उतरण्याच्या वाटा किती असाव्यात हा प्रश्न पाण्याइतकाच माणसांच्या ये-जा करण्याचा आहे, हे त्या वर्गीकरणातूनच दिसते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे जुन्या मंदिरांच्या सान्निध्यात अशी बारव आहे, परभणीजवळच्या पिंगळी येथे पिंगळेश्वराच्या परिसरात आहे, आणि सेलू तालुक्यातील वालूर येथील बारवेच्या पायऱ्या तर सरळ न उतरता भिंतीला वळसा घालत, शंखाच्या आतल्या वळणासारख्या, तळाकडे जातात. महाराष्ट्रात अशी रचना विरळा.

बारवेची रचना या प्रदेशाच्या हवामानाला दिलेले उत्तर आहे. परभणीत उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जाणे नवलाचे राहिलेले नाही, आणि पाऊस वर्षातल्या चार महिन्यांत आटोपतो. जमिनीखाली काही मीटर खोल गेले की मातीचे आणि खडकाचे तापमान ऋतूंप्रमाणे फारसे हलत नाही, ते वर्षाच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहते. त्यात भिंतींची सावली आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने हवेतून काढून घेतली जाणारी उष्णता यांची भर पडली की भर दुपारी बारवेच्या खालच्या टप्प्यावरची हवा वरच्या रस्त्यापेक्षा जाणवण्याइतकी थंड असते. पाण्याची पातळी पावसाळ्यात वर येते आणि वैशाखात तळाशी जाते, तरी कोणत्याही महिन्यात पाण्याला लागून एक पायरी असतेच, कारण सगळी बारव म्हणजे पायऱ्याच. घाटाचेही तत्त्व हेच आहे. गंगाखेडला गोदावरी भरून वाहत असो की आटून पात्रात गेलेली असो, नदी आणि माणूस यांच्यातले अंतर पायऱ्या भरून काढतात. मधल्या टप्प्यांवर घागर टेकता येते, दम खाता येतो, वरून उतरणाऱ्या बाईला वाट देण्यासाठी थांबता येते आणि थांबले की बोलणे आपोआप निघते. भिंतीतल्या कोनाड्यांत दिवा ठेवता येतो. एकाच दगडी रचनेत पाणी, सावली, आसन, वाट आणि देव एकत्र आणणाऱ्या त्या अनाम कारागिरांना 'सामाजिक स्वास्थ्य' हा शब्द माहीत नसेल, पण ते कशाने टिकते याची त्यांना पक्की जाण होती.

मात्र जुन्याचा गौरव करताना दोन गोष्टी झाकून ठेवता येत नाहीत. पहिली गोष्ट आरोग्याचीच आहे. ज्या गुणामुळे बारव श्रेष्ठ ठरली, म्हणजे माणसाला थेट पाण्यापर्यंत नेण्याची तिची सोय, त्याच गुणामुळे ती नारू या रोगाचे उगमस्थान ठरली. नारूचा लांब, दोऱ्यासारखा कृमी रुग्णाच्या पायावरील फोडातून बाहेर पडतो आणि रुग्णाचा पाय पाण्यात बुडाला की आपल्या अळ्या त्या पाण्यात सोडतो. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचे अतिसूक्ष्म जीव त्या अळ्या गिळतात, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्या माणसाच्या शरीरात रोग पुन्हा शिरतो. भारतात १९८३-८४ पासून राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम चालला, महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते, आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांत पाय बुडणार नाही अशी व्यवस्था करणे हा त्या कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हातपंप, कूपनलिका आणि नळ यांनी केलेले हे उपकार मोठे आहेत. बारवांचे पिण्याचे पाणी गेले ते योग्यच झाले.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. पार, चावडी, घाट आणि पाणवठा ही ठिकाणे गावाची होती असे म्हणताना 'गाव' या शब्दात कोण येत होते, हे विचारणे भाग आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींना पाणवठ्यावर पाऊल ठेवता येत नसे, आणि पाण्याकाठी तासन्‌तास ताटकळत कोणी वरून पाणी वाढेल याची वाट पाहावी लागे. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. तो कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरली. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि मुंबईचा ठराव तिला लागूही नव्हता. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणे यांचे नाव घेऊन तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही असे ठरवले. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहीर आणि घाट हे शब्द यावेत, यावरून या देशात मोकळ्या जागेचा प्रश्न किती खोल गेलेला आहे हे कळते. जागेची रचना कितीही उत्तम असली, तरी तिथे उतरण्याचा हक्क सर्वांना नसेल, तर ती जागा सार्वजनिक नव्हे, काहींची आहे.

पाणी नळाने घरात आले, तेव्हा बारवेचे रोजचे कारण संपले आणि काही वर्षांतच ती उकिरडा झाली. गाळ, प्लास्टिक, झुडपे आणि गणपतीचे निर्माल्य यांनी तोंडापर्यंत भरलेल्या बारवा मराठवाड्यात सर्वत्र दिसतात. परंतु या बदलात आणखी एक गोष्ट हरवली आणि तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. पाणवठा हे गावातल्या स्त्रियांचे उघड्यावरचे जवळजवळ एकमेव मान्यताप्राप्त ठिकाण होते. पारावर पुरुष बसत, चावडीत पुरुष बोलत. सुनेने घराबाहेर थांबण्याला समाजाने मानलेले कारण म्हणजे पाणी आणि धुणे. डोक्यावरच्या हंड्याचे कष्ट खरे होते आणि त्यांचे सोने करण्यात अर्थ नाही, पण त्या खेपांमध्येच माहेरचा निरोप कळे, बाळंतपणाचा सल्ला मिळे, सासुरवासाचे दुःख कोणाच्या तरी कानावर घातले जाई. नळाने कष्ट वाचवले आणि त्यासोबत ही भेटही गेली. पुरुषांचा पार मात्र टिकला. तो चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, एसटी स्टँडाबाहेरच्या कट्ट्यावर गेला. बायकांच्या पाणवठ्याच्या जागी काहीही आले नाही. आज जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी रस्त्यावर थांबलेली, काही काम नसताना निवांत बसलेली माणसे मोजली, तर त्यांत स्त्रिया किती निघतात, हे पाहण्यासाठी वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

अमेरिकेत विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधील चौकांवर कॅमेरे लावून माणसे कुठे थांबतात, कुठे बसतात, कुठून निघून जातात याची वर्षानुवर्षे नोंद केली आणि १९८० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे सर्वांत जास्त तिथे बसतात जिथे बसायला जागा असते, हा त्याचा पहिला निष्कर्ष वाचताना फार साधा वाटतो, पण शोभेसाठी केलेल्या अनेक चौकांत बसायलाच जागा नव्हती, हे त्याने दाखवून दिले. त्याचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे: ज्या जागेत स्त्रियांचे प्रमाण चांगले असते ती जागा नीट राखलेली असते, कारण कुठे थांबावे याची पारख स्त्रिया अधिक काटेकोरपणे करतात. या कसोटीवर तालुक्याच्या गावातील एखादे उद्यान तपासायचे, तर कारंजे आणि पुतळा यांच्याआधी इतर गोष्टी पाहाव्या लागतील: स्वच्छतागृह आहे का आणि त्याला कुलूप नाही ना, दिवे पायवाटेवर उजेड पाडतात की फक्त प्रवेशद्वारावर, कुंपण इतके उंच तर नाही की आतले बाहेरून दिसेनासे व्हावे, बाकडी एकमेकांसमोर आहेत की ओळीने भिंतीकडे तोंड करून, आणि लहान मुलांची घसरगुंडी ज्या बाकावरून दिसते तो बाक सावलीत आहे का. खुल्या व्यायामशाळेची लोखंडी उपकरणे अलीकडे सर्वत्र बसवली गेली आहेत. उन्हात तापलेल्या त्या लोखंडाला दुपारी चारपर्यंत हात लावता येत नाही आणि अंधार पडल्यावर दिवा नसतो, अशा ठिकाणी त्यांचा उपयोग दिवसातला फार थोडा वेळ होतो.

परभणीसारख्या ठिकाणी रचनेचा पहिला नियम सावली हाच असला पाहिजे. झाड केवळ ऊन अडवत नाही. मुळांनी शोषलेले पाणी ते पानांवाटे वाफेच्या रूपाने सोडते आणि त्या क्रियेत भोवतालच्या हवेतली उष्णता खर्ची पडते, म्हणून झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा थंड असते. कडुनिंब, वड, पिंपळ, उंबर, चिंच, करंज ही झाडे इथल्या मातीत आणि इथल्या दुष्काळात तगून राहिलेली आहेत, तर पेव्हर ब्लॉकच्या मधोमध रोज पाणी मागणारी हिरवळ मराठवाड्यात वैशाख पाहत नाही. दुसरी अडचण पायाखालची आहे. जिल्ह्याचा मोठा भाग कापसाच्या काळ्या मातीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते, त्यामुळे तिच्यावर थेट घातलेली फरशी दोन पावसाळ्यांत उचकटते, कुंपणाच्या भिंतीला तडे जातात, आणि म्हाताऱ्या माणसाला ज्या सपाट वाटेची गरज असते ती वाटच ठेचकाळण्याची होते. काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम भरणे आणि पाण्याला उतार देणे हे काम उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही, म्हणून त्यावरचा खर्च पहिल्यांदा कापला जातो. परभणीकर अभिमानाने 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात. त्या अभिमानाला साजेशी पायवाट शहराला मिळणे हे काही फार मोठे मागणे नाही.

मागणे किती मोठे आहे, याचा हिशेब मात्र करता येतो. केंद्र सरकारने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या नगर व प्रादेशिक विकास आराखड्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाखांहून अधिक होती, म्हणजे किमान प्रमाण धरले तरी ३०० हेक्टरांहून जास्त जागा हवी. राजगोपालाचारी उद्यान, क्रीडासंकुल, मैदाने आणि वसाहतींतले राखीव भूखंड यांची बेरीज करताना हा आकडा समोर ठेवावा. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव असलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या झाडीच्या रस्त्यांवर पहाटे शहर फिरायला जाते, ते हौसेइतकेच गरजेनेही. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत बागा व क्रीडांगणे ही नगरपालिकांची कामे म्हणून नोंदलेली आहेत. नियम आहे, नकाशावर हिरवा चौकोनही असतो; प्रश्न त्या चौकोनात झाड उभे राहण्याचा आहे.

अशा दुर्लक्षित चौकोनाचे काय करावे, यावर फिलाडेल्फिया शहरात झालेला एक प्रयोग विचार करायला लावतो. तिथल्या ५४१ पडीक भूखंडांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली गेली. एका गटात कचरा काढून, जमीन सपाट करून, गवत आणि थोडी झाडे लावून, सहज आत जाता येईल असे बुटके लाकडी कुंपण घातले आणि नियमित देखभाल ठेवली; दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला; तिसऱ्याला हात लावला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या शेजारी राहणाऱ्यांमध्ये, हात न लावलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांच्या तुलनेत, खिन्न वाटण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले आणि गरीब वस्त्यांत ही घट आणखी मोठी होती. नुसता कचरा उचललेल्या गटात मात्र तसा ठळक फरक पडला नाही. स्वच्छता ही केवळ सुरुवात आहे, हे आकड्यांनी सांगणारा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागेल.

या प्रयोगाच्या शंभर वर्षे आधी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस भारतात आले होते. १९१४ पासून त्यांनी अनेक भारतीय शहरांची पाहणी केली आणि १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. हिवतापाच्या भीतीने जुनी तळी बुजवण्याचा तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा सपाटा होता. गेडिस यांनी त्याला विरोध केला आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे व बदके पाण्यात सोडून तळी जिवंत ठेवावीत असे सुचवले. जुन्या वस्तीत बुलडोझरसारखी सरळ रेघ मारण्याऐवजी मोडकळीस आलेले एखाददुसरे घर काढून तिथे झाड, पार आणि बसण्याची जागा करावी, या त्यांच्या पद्धतीला शल्यक्रियेची उपमा दिली जाते: शक्य तितके वाचवणारी शल्यक्रिया. नारूमुळे बारव बंद करणे आवश्यक होते. ती बुजवणे आवश्यक नव्हते. रोगाचे कारण पाण्यात बुडणारा पाय आणि न गाळलेले पाणी हे होते, पायऱ्या नव्हत्या, आणि पिण्याचे पाणी दुसरीकडून आल्यावर त्या पायऱ्या बसण्यासाठी मोकळ्या झाल्या होत्या.

हे वालूरने करून दाखवले. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातील बारवांची नकाशावर नोंद करायला घेतल्यावर मराठवाड्यातल्या अनेक गावांचे लक्ष आपल्याच वेशीत गाडल्या गेलेल्या वास्तूंकडे गेले. वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदानाने आपल्या बारवेतला गाळ आणि कचरा उपसला आणि वळसे घेत उतरणाऱ्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. महाशिवरात्रीला अशा बारवांच्या पायऱ्यांवर आणि कोनाड्यांत पणत्या लावण्याची प्रथा या मोहिमेतून रुजली. गाळ उपसताना अनेक हात एका रांगेत लागतात, पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि एरवी वेगवेगळ्या गल्लीत राहणारी माणसे दिवसभर शेजारी उभी राहतात. जागेच्या रचनेतून समाज घडतो तसा जागेच्या दुरुस्तीतूनही घडतो, हे या कामात दिसते.

उरतो तो वर्षातल्या बाकी दिवसांचा प्रश्न. पणत्यांची रात्र एक असते आणि पाऊस दर वर्षी नवा गाळ आणतो. बारवेला पूर्वीचे रोजचे कारण परत देता येणार नाही, म्हणून नवे द्यावे लागेल, आणि ते गावागणिक वेगळे असेल: कुठे बारवेच्या काठावर कडुनिंबाखाली अंगणवाडीची दुपार, कुठे बचत गटाची बैठक, कुठे शाळेतल्या मुलांनी पाण्याची पातळी दर महिन्याला पायरी मोजून वहीत लिहिण्याचा उपक्रम, ज्यातून भूजल किती खाली गेले हे गावाला कळेल. गाळ कोणत्या महिन्यात काढायचा, काठावरचा कठडा कोणी पाहायचा, दिव्याचे बिल कोणाच्या नावावर, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेले असले तर पुढच्या सरपंचालाही ते कळते. आणि बैठकीची वेळ ठरवताना ती बायकांना विचारून ठरवावी, कारण पाणवठा बंद झाल्यापासून गावातल्या मोकळ्या जागेवर पहिला हक्क त्यांचाच थकलेला आहे.